चिंचोका आणि खतावणी

शिक्षणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा अक्षराचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अक्षर कोणाला शिकू दिले, कोणाला शिकू दिले नाही आणि त्यासाठी धर्माचा कोणता आधार पुढे केला गेला, याची चर्चा आपण पुष्कळ केली आहे. ती पुढेही करावी लागणार आहे. परंतु अक्षराच्या शेजारीच आकडा उभा असतो, याकडे आपल्या चळवळीचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. अक्षराने पोथी लिहिली, आकड्याने खतावणी लिहिली. पोथीने आपल्याला माणुसकीबाहेर ठेवले हे खरेच. पण रोजच्या भाकरीचा विचार केला तर आपल्या आजा-पणज्यांना नागवले ते खतावणीने.

लहान मुलांना गणित कसे शिकवावे याविषयी आज सगळीकडे एकमत झाल्यासारखे दिसते. मुलाच्या हातात चिंचोके द्या, खडे द्या, काड्या द्या. त्याला मोजू द्या, जुळवू द्या, गट पाडू द्या. आकडा मागाहून येऊ द्या. सरकारी परिपत्रकापासून खाजगी बालवाडीच्या जाहिरातीपर्यंत हेच सांगितले जाते, आणि ते बरोबरच आहे. मात्र ही कल्पना जणू नुकतीच परदेशातून आली आहे अशा थाटात ते सांगितले जाते, तेव्हा एक प्रश्न विचारणे भाग पडते. ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या वस्तूच मोजल्या, पेंढ्या मोजल्या, गोवऱ्या मोजल्या, मातीच्या पाट्या मोजल्या, त्याच समाजाची मुले शाळेत आल्यावर 'गणितात कच्ची' कशी ठरली? मोजण्याची विद्या त्यांच्या घरी होती. मग ती शाळेच्या दारात कोठे हरवली? या प्रश्नाचे पुरते उत्तर बालमानसशास्त्रात सापडत नाही. ते इतिहासात शोधावे लागते.

१. वस्तीतले गणित

माझ्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. माझी आजी अंगठा उठवीत असे; पण हिशेबात तिला कोणी फसवू शकत नसे. ती विशांनी मोजायची. पासष्ट म्हणायचे असेल तर 'तीन विसा नि पाच', शंभर म्हणायचे असेल तर 'पाच विसा'. ही तिची एकटीची लकब नव्हती. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून हजारो निरक्षर माणसे याच रीतीने मोजत आली. दोन्ही हातांची आणि दोन्ही पायांची बोटे मिळून वीस होतात. माणसाचे शरीर हीच त्यांची पाटी होती.

ही मोजणी आडाणी नव्हती, तिला शिस्त होती. कडब्याच्या पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, आणि कडब्याचा भाव शेकड्यावर. धान्याच्या मापात दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचे, मग दोन, तीन, चार. गट पाडणे, गटांचे गट पाडणे, दुप्पट करणे, अर्धे करणे, या साऱ्या क्रिया त्यात आहेत. शाळेतले स्थानमूल्य याहून वेगळे काय असते? तेथे गट दहाचा असतो, येथे पाचाचा किंवा विसाचा.

मुलांचे खेळ पाहिले तरी हेच दिसते. मुठीत चिंचोके धरून 'एकी का बेकी' विचारणारे पोर सम आणि विषम संख्या ओळखत असते. सागरगोट्यांत आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन-तीन उचलणारी पोरगी भागाकार करीत असते; पाचांपैकी एक हवेत असताना उरलेल्या चारांतले तीन उचलले की एक राहतो, हे तिच्या हाताला ठाऊक असते. विटीदांडूत पोरे वकट, लेंड, मूंड, नाल असे मोजतात. हे शब्द तेलुगूतल्या ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांच्या नात्यातले आहेत. कोणत्याही पंतोजीने ते शिकवले नाहीत. संस्कृताच्या शाळेला वळसा घालून, एका पोराकडून दुसऱ्या पोराकडे, ते आजवर चालत आले. ज्ञान केवळ वरून खाली झिरपते असे मानणाऱ्यांनी या चार शब्दांचा तरी विचार करावा.

२. मोजणारे हात आणि लिहिणारे हात

मग उणीव कशाची होती? उणीव होती लिहिलेल्या आकड्याची. गावगाड्यात मोजण्याचे काम आणि लिहिण्याचे काम यांची वाटणी जातीने केली होती. महाराने गावाच्या शिवेची माहिती ठेवायची, हद्दीचा तंटा निघाला तर साक्ष द्यायची, सरकारी साऱ्याची रक्कम तालुक्याच्या ठाण्यापर्यंत सुखरूप पोहोचवायची. पैशाची थैली ज्याच्या अंगावर, तिच्यातला आकडा मात्र कुलकर्ण्याच्या दप्तरात, आणि तोही मोडीत. इमानाची जबाबदारी एकाची आणि हिशेबाचा अधिकार दुसऱ्याचा, अशी ही व्यवस्था होती. बलुत्याच्या पेंढ्या महार-मांगांनी डोळ्यांनी मोजल्या. पण किती द्यायच्या होत्या आणि किती दिल्या, याचा कागद त्यांच्या हाती कधी नव्हता. ज्याच्याकडे कागद नाही त्याच्या मागणीला व्यवस्था हक्क म्हणत नाही, याचना म्हणते. महार वतने कायद्याने खालसा व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला.

पंतोजीच्या शाळेत गणित भरपूर होते. धूळपाटीवर अंक गिरवायचे, पाढे घोकायचे. पूर्णांकांचे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनाची औटकी. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे असलेल्या जगात हे पाढे म्हणजे धंद्याची हत्यारे होती. व्याज, सारा, वजन, भाव, सगळे त्यांवर चाले. त्या शाळेत बसत ती मुख्यतः ज्यांना दप्तर किंवा दुकान चालवायचे होते त्यांची मुले. आमच्या मुलांना तेथे जागा नव्हती. दिडकीचा पाढा ज्याला येतो तो व्याज लावतो आणि ज्याला येत नाही तो ते भरतो, इतका हा प्रश्न उघडा होता.

आकड्याची ही सत्ता केवळ अस्पृश्यांपुरतीच नव्हती. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले आणि तो वणवा पुणे-नगर भागात पसरला. त्यात प्रामुख्याने कुणबी शेतकरी होते. त्यांनी काय हस्तगत केले आणि काय जाळले? कर्जरोखे आणि हिशेबाचे कागद. आपल्याला वाचता न येणारा आकडा आपली जमीन खातो आहे, हे त्यांना पक्के कळले होते. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पण कागद जाळून आकडा मरत नाही. दुसऱ्या दिवशी नवा कागद लिहिणारा हात तोच असतो.

जोतीराव फुल्यांना हे नेमके उमगले होते. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या आणि पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची जी यादी त्यांनी मांडली, तिच्यात वाचन आणि मोडी-बाळबोध लेखन यांच्या बरोबरीने हिशेब आहे. शिवाय शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान आहे. मोडी कशासाठी? कारण दप्तर मोडीत होते. हिशेब कशासाठी? कारण लूट हिशेबातून होत होती. 'विद्येविना मती गेली' हा विचार आपण सभांतून सांगतो. त्या विद्येत खतावणी वाचण्याची विद्या जोतीरावांनी धरली होती, हेही सांगितले पाहिजे.

३. फळा कोणाचा?

१८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. प्रकरण वरपर्यंत गेले आणि सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे तत्त्व कंपनीच्या संचालकांनी १८५८ मध्ये मान्य केले. तत्त्व कागदावर आले. मूल मात्र ओट्याखालीच राहिले. जेथे आत घेतले तेथे वेगळे बसवले, स्वतःच्या घरचे गोणपाट आणायला लावले, पाटी लांबून तपासली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शालेय जीवनातला एक प्रसंग त्यांच्या चरित्रात नोंदलेला आहे. मुंबईच्या शाळेत शिक्षकांनी त्यांना फळ्यावर येऊन उदाहरण सोडवायला सांगितले. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भीमराव फळ्याला शिवण्याआधीच मुलांनी धावत जाऊन डबे उचलले, कारण डबे बाटले असते. हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो. पण तो गणिताच्या तासाचाही प्रसंग आहे. फळ्यावरचे उदाहरण सर्वांसमोर सोडवणे ही मुलाच्या बुद्धीची जाहीर कबुली असते, आणि ती कबुली मिळण्याच्या क्षणीच वर्गात गोंधळ उठतो. अशा वर्गात मुलाचे लक्ष आकड्यावर राहावे तरी कसे? त्याच मुलाने पुढे १९२३ मध्ये लंडनला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा चलनावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्याच्या स्पर्शाने डबा बाटत होता त्याने साम्राज्याच्या रुपयाचा हिशेब मांडला. पण असा एक निघाला म्हणून बाकीच्या हजारोंना विसरता येत नाही. फळ्यापर्यंत न पोहोचलेल्या त्या मुलांचे गणित कोणत्या इयत्तेत थांबले, हे कोणत्याही चरित्रात लिहिलेले नाही.

४. बालवाडी अंगणात येते

लहान मुलाला वस्तूंमधून शिकवावे हा विचार युरोपात फ्रबेलने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडला. १९०७ मध्ये मारिया माँटेसरीने रोममधल्या सान लोरेंझो या कामगारवस्तीत 'बालगृह' सुरू केले. ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण आज आपल्या शहरांत माँटेसरीचे नाव लावलेली बालवाडी म्हणजे भरमसाट फी असे समीकरण झाले आहे आणि त्या पद्धतीचा जन्म गरिबांच्या चाळीत झाला होता हे कोणाला आठवत नाही.

गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरीचे मण्यांचे साहित्य महाग होते. ते खेड्यात आणायचे कोठून? तेव्हा बिया, खडे, शंख-शिंपले, पाने, काड्या हेच साहित्य झाले. हा बदल वरवर काटकसरीचा वाटतो, पण त्याचा अर्थ फार मोठा आहे. मूल घरी ज्या वस्तूंशी खेळते त्याच वस्तू शाळेत 'साहित्य' म्हणून मानाने आल्या. ज्या चिंचोक्याला शाळेने आजवर कचरा मानले होते तो शिकण्याचे साधन ठरला.

बोर्डीत दुसरीही एक गोष्ट घडली. गावातल्या मध्यवर्ती बालवाडीत अस्पृश्य वस्तीतली मुले येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी अशी कल्पना पुढे आली. आज देशभर रूढ असलेल्या 'अंगणवाडी' या शब्दामागे हा इतिहास आहे. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले आणि गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावरच शाळा भरू लागली. ताराबाई आणि अनुताई यांच्या कष्टांविषयी कृतज्ञ राहूनच एक प्रश्न विचारला पाहिजे. 'मुले येईनात' या दोन शब्दांत बरेच काही झाकले जाते. ती का येईनात? त्यांच्या शेजारी कोणाची मुले बसायला तयार नव्हती? बालवाडी अंगणात आली हे चांगलेच झाले. पण गावाच्या मधल्या ओट्यावर सगळी मुले एकत्र बसून एकाच ढिगातले चिंचोके मोजतील, हा प्रश्न सुटला नाही, तो पुढे ढकलला गेला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. दलित बाईने शिजवलेला खाऊ आपल्या मुलाने खाऊ नये म्हणून अडून बसणारे पालक त्यानंतरही दिसले. चिंचोक्याला जात नसते. तो ज्या हातातून घ्यायचा त्या हाताला मात्र अजून जात चिकटवली जाते.

५. टकळीची मर्यादा

वस्तूंतून गणित शिकवण्याची आणखी एक वाट याच सुमारास निघाली होती. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मूलोद्योगातून शिक्षण देणारी 'नयी तालीम' पुढे आली. मुलाने टकळीवर सूत काढायचे, तार मोजायचे, ६४० तारांची एक गुंडी करायची आणि त्यातूनच बेरीज, गुणाकार, सरासरी शिकायची. कामाला अप्रतिष्ठित मानणाऱ्या देशात हातकामाला शाळेत आणणे हा विचार साधा नव्हता, हे मान्य केले पाहिजे.

तरी आपल्या बाजूने एक शंका उरतेच. ज्यांच्या पिढ्या पुस्तकात गेल्या त्यांच्या मुलाने तार मोजणे हा नवा अनुभव आहे. ज्यांच्या पिढ्या दोर वळण्यात, कातडे कमावण्यात, झाडू मारण्यात गेल्या, त्यांच्या मुलाला पुन्हा हातकामापाशीच थांबवले तर तो कोणता नवा अनुभव? वस्तू ही शिकण्याची सुरुवात आहे. ती शेवट झाली तर मूल जेथे होते तेथेच राहते. 'यांच्या मुलांना हातानेच समजते, डोक्याचे त्यांना झेपत नाही' असे सहानुभूतीच्या सुरात म्हणणारे शिक्षक आजही भेटतात. चिंचोका हातात देण्यामागे हा भाव असेल तर तो चिंचोका आपण नाकारला पाहिजे. सहानुभूतीने घातलेली मर्यादा ही मर्यादाच असते.

६. बाजारात येते, कागदावर का येत नाही?

वस्तूपासून आकड्यापर्यंतची वाट मधेच तुटते ती कोठे, याविषयी गेल्या काही दशकांत महत्त्वाचे काम झाले आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळे, भाजी विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक बनून त्यांच्याकडे गेले. विक्री करताना मुलांनी ९८ टक्के हिशेब बरोबर केले. तशीच उदाहरणे नुसत्या आकड्यांत मांडून दिली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ३७ टक्क्यांवर आले. पस्तिसाला एक असे दहा नारळ विकताना एका मुलाने तिनाचे एकशे पाच, आणखी तिनाचे मिळून दोनशे दहा, अशा उड्या मारीत साडेतीनशे गाठले. शाळा सांगते, पस्तिसावर शून्य द्या. मुलाची रीत लांबची आहे, पण ती त्याची स्वतःची आहे आणि प्रत्येक पायरीवर त्याला नारळ दिसत आहेत. माझ्या आजीच्या 'तीन विसा नि पाच' ची ती सख्खी भावंड आहे.

कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचे असेच मोठे संशोधन २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. बाजारातले किचकट हिशेब तोंडी करणारी मुले शाळेच्या पद्धतीची सोपी उदाहरणे सोडवताना अडखळली. उलट, शाळेत शिकणाऱ्या पण बाजारात काम न करणाऱ्या मुलांना बाजारातले हिशेब जमेनात. म्हणजे बुद्धी दोघांकडेही आहे. मधला पूल कोणीच बांधलेला नाही. फरक इतकाच की शाळेचे गणित येणारा परीक्षा पास होतो, पगारदार होतो. बाजाराचे गणित येणारा बाजारातच राहतो. दोन्ही विद्या अपुऱ्या असताना एकीलाच प्रतिष्ठा मिळते. यालाच तर आपण वर्णव्यवस्था म्हणतो!

हा पूल कसा बांधावा याचे एक उदाहरण अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीत सापडते. १९७२ च्या दलित पँथरने आपले नाव तेथूनच घेतले, तेव्हा हे नाते आपल्याला नवे नाही. रॉबर्ट मोझेस हा गणिताचा शिक्षक. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी त्याने मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करण्यासाठी मार खाल्ला, तुरुंग भोगला. तेथे साक्षरतेच्या चाचणीच्या नावाखाली माणसांचा मताधिकार नाकारला जात होता. १९८२ मध्ये त्याच मोझेसने 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' सुरू केला. त्याची भूमिका अशी की कालच्या समाजात अक्षर न येणारा जसा गुलाम राहिला, तसा उद्याच्या समाजात बीजगणित न येणारा राहील. म्हणून गणित हा नागरी हक्काचा प्रश्न आहे. तो मुलांना भुयारी रेल्वेतून फिरवून आणी. मग मुले प्रवासाचे चित्र काढीत, आपल्या बोलीत त्याविषयी बोलत, ते बोलणे हळूहळू नेमके करीत आणि शेवटी आपणच चिन्हे बनवीत. स्थानके ही संख्या होत, दिशा ही अधिक-उणे होई. अनुभव, चित्र, स्वतःची बोली, नेमकी भाषा, चिन्ह, अशा या पाच पायऱ्या आहेत. यातली एकही गाळायची नाही आणि एकीवरही कायमचे बसून राहायचे नाही.

७. आपल्या अभ्यासिकांतून काय व्हावे?

मोजणे म्हणजे अंक पाठ म्हणणे नव्हे. तीन-चार वर्षांचे मूल एक ते वीस घडाघड म्हणते आणि सात चिंचोके मोजायला दिले तर नऊ सांगते, कारण त्याचे तोंड बोटापुढे धावते. एका वस्तूला एकच शब्द, कोणतीही वस्तू सुटायची नाही, दोनदा मोजायची नाही, आणि शेवटी उच्चारलेला शब्द म्हणजे सगळ्यांची संख्या, एवढे समजायला मुलाला वेळ लागतो. चिंचोके ओळीत असोत की पसरलेले, ते सातच राहतात, हे त्याला स्वतःच्या हाताने पडताळून पाहावे लागते. आई भाकऱ्या थापताना 'घरात माणसं किती, भाकऱ्या किती, कोणाला कमी पडेल?' असे विचारते तेव्हा हेच शिक्षण चाललेले असते. त्याला शिक्षण म्हणायची सवय आपणच करून घेतली पाहिजे.

यानंतर दहाचा गट. दहा काड्यांची एक जुडी बांधायची. दोन जुड्या आणि तीन सुट्या म्हणजे वीस आणि तीन. येथे मराठीतली आकड्यांची नावे मुलाला अडवतात. 'तेवीस' म्हणताना तीन आधी येतात आणि लिहिताना दोन आधी लिहावे लागतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात जुन्या नावांच्या जोडीने 'वीस तीन' असे वाचन आले, तेव्हा विधानसभेपासून वर्तमानपत्रांपर्यंत केवढा गहजब झाला! भाषा बुडाली असे सांगितले गेले. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण शांतपणे सांगितले, पण टवाळीच अधिक झाली. त्या टवाळीत कोणालाही आठवले नाही की या महाराष्ट्रातली लाखो निरक्षर माणसे 'एक वीस नि तीन' असेच म्हणत आली होती. आडाणी माणसाची बोली म्हणून ती हसण्यावारी गेली होती. पुस्तकात येताच ती भाषेवरचे संकट ठरली.

त्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच आपल्या वस्त्यांत राहून जाते. मोजलेले लिहायचे. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको दोघे मिळून 'एक कोयता' धरतात आणि एकटा माणूस 'अर्धा कोयता'. राबणारी माणसे दोन आणि हिशेबात आकडा एक, हे गणित कोणत्या शाळेतले? उचल किती घेतली, किती फिटली, किती उरली, हे मुकादमाच्या वहीत असते. बिडीच्या कामात हजार बिड्यांवर मजुरी ठरते आणि 'छाट' म्हणून काढलेल्या बिड्या बाईच्या हिशेबातून जातात. किती गेल्या हे छाट काढणाराच सांगतो. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळण्याचा हक्क २०१३ च्या कायद्याने दिला आहे. घरात पाच माणसे असतील तर पंचवीस किलो, एवढे गणित दुसरी-तिसरीतल्या मुलाला आले पाहिजे आणि त्याने दुकानदाराच्या पावतीवरचा आकडा वाचून दाखवला पाहिजे. चिंचोक्यांनी सुरू झालेले शिक्षण येथपर्यंत आले तरच ते आपल्या उपयोगाचे.

यासाठी मोठा पैसा लागत नाही. वस्तीतल्या बुद्धविहारात किंवा समाजमंदिरात संध्याकाळी अभ्यासिका भरते, तेथे एक डबा चिंचोक्यांचा आणि एक डबा काड्यांचा ठेवता येईल. म्हाताऱ्या माणसांना बोलावून त्यांची मापे, विसा, पाचुंदे मुलांसमोर सांगायला लावता येतील. हे ज्ञान त्यांच्याबरोबर संपत आले आहे. मुलाने मोजावे, मोजलेले सांगावे, चित्र काढावे आणि मग आकडा लिहावा. थोड्या मोठ्या मुलांनी घरातल्या मजुरीची, उचलीची, रेशनची वही स्वतःच्या हाताने ठेवावी. मुलींना यातून कोणत्याही कारणाने वगळू नये. सागरगोट्यांचा भागाकार त्यांनाच येतो.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये 'निपुण भारत' जाहीर केले आणि तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचन व अंकज्ञान यावे यासाठी २०२६-२७ ची मुदत ठरवली. अशा मुदती आपण पाहिल्या आहेत. सरकारी शाळा मजबूत व्हावी यासाठी भांडलेच पाहिजे, कारण आपली बहुसंख्य मुले तेथेच आहेत. पण परिपत्रक आले म्हणून आपल्या मुलाला आकडा येईल, या भरवशावर कार्यकर्त्याने बसू नये. माझ्या वर्गात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली, कविता उत्तम लिहिणारी, सभेत आवेशाने बोलणारी मुले टक्केवारी काढायची म्हटली की मान खाली घालतात. स्पर्धा परीक्षेच्या दारातून ती याच एका कारणाने परत फिरतात. त्यांची बुद्धी कमी नाही. त्यांच्या चौथ्या वर्षी जो पूल बांधायचा राहिला, त्याची किंमत ती विसाव्या वर्षी मोजत आहेत.

आपल्या चळवळीने लेखणी हातात घेतली आणि साहित्य उभे केले. ज्यांच्या तोंडी अक्षर येणार नाही असे मानले होते त्यांनी मराठी भाषेचा चेहरा बदलला. आता त्याच लेखणीने आकडाही लिहिला पाहिजे. वाड्यातल्या खतावणीत आपले नाव नेहमी देणेकऱ्याच्या रकान्यात राहिले. आपले येणे किती, हे मांडायला आपल्याच मुलांना शिकावे लागेल. आणि त्यासाठी आज संध्याकाळी मूठभर चिंचोके पुरेसे आहेत.